शंभर वर्षांची वाइन चाखायचीय? मग मदेरा

दुर्मिळ वाइनचा विषय निघाला की लोक लगेच फ्रान्सच्या बोर्दो नाहीतर बर्गंडीवर येतात, लाखाची बाटली, लिलाव, तळघरं वगैरे. मान्य, पण त्यात एक मोठी गोची असते. साठ-सत्तर वर्षांची रेड वाइन उघडली की ती चांगली निघेल की मेलेली हे बूच काढल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली की लगेच संपवावी लागते. म्हणून ती सुट्ट्या ग्लासवर कोण देणार? मदेरा नावाच्या वाइनचं तसं नाही. माझं तर ठाम मत आहे की साध्या पगारदार माणसाला आजोबा-पणजोबांच्या काळातली वाइन खरंच प्यायची असेल तर त्याने सरळ मदेराच गाठावी.

मदेरा हे पोर्तुगालचं अटलांटिकमधलं बेट, वाइनला नाव त्याचंच. फुंशाल हे मुख्य गाव. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि द्राक्षं बरीचशी मांडवावर, आपल्या नाशिककडच्या माणसाला बघून एकदम घरचं वाटेल. इथल्या वाइनमध्ये 96 टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट घालून फर्मेंटेशन (रस आंबणं) थांबवतात, लवकर थांबवलं तर गोडी जास्त राहते, उशिरा थांबवलं तर कमी. आणि मग तिला चक्क तापवतात! स्वस्तातली टाकीत 45 ते 50 डिग्रीवर निदान तीन महिने, आणि भारीतली पिंपात भरून माळ्यावर, छपराखालच्या उन्हाच्या धगीत, वर्षानुवर्षं. फ्रास्केइरा म्हणजे एकाच वर्षाची, एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन, ती तर कमीत कमी 20 वर्षं लाकडातच पाहिजे असा नियम आहे. तेवढ्या काळात पिंपातली बरीच वाइन उडून जाते, राहते ती घट्ट होत जाते.

हे तापवायचं सुचलं कुठून तर आपल्याच वाटेवर. हिंदुस्थानकडे येणारी जहाजं मदेराला थांबून पिंपं भरून घ्यायची, विषुववृत्त दोनदा ओलांडून यायची, आणि न खपलेली पिंपं परत गेली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की ही वाइन गेली त्यापेक्षा चांगली होऊन आलीये. मग मुद्दाम अशी फिरवून आणायला लागले, तिला विन्यू द रोदा म्हणायचे, आणि तिला भावही जास्त मिळायचा. म्हणजे ज्या उकाड्याने बाकीच्या वाइनची वाट लागते तोच हिच्या कामी आला.

आता चवीचं. फुंशालमध्ये वाइन करणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत, ब्लँडीज (1811 पासूनची) आहे, द'ऑलिव्हेरा (1850 ची) आहे, तिथे बसून चाखता येतं. द'ऑलिव्हेराची 1908 ची बुआल (ही द्राक्षाची जात) मी घेतली, बोटभरच, तेवढ्याचेही पैसे झाले पण बाटलीच्या मानाने काहीच नाही. आधी रंग बघायचा, मध्ये गडद कॉफीसारखा, पण ग्लास तिरका केला की कडेला पिवळसर हिरवी झाक दिसते, ती जुन्या मदेराची खूण. वास घेतला की पहिल्यांदा वार्निशसारखा एक झणका येतो, माझी मावसबहीण बरोबर होती ती म्हणाली, "अगं ताई, खराब झालीये का ही?" तिला म्हटलं थांब जरा, आणि खरंच दहा मिनिटांनी अक्रोड, वाळलेलं संत्र्याचं साल, जळत आलेली साखर असं एकेक वर यायला लागलं. घोट घेतला की गोड, दाट, आणि गोडाच्या पाठोपाठ असा सणसणीत आंबटपणा की तोंड पुन्हा स्वच्छ! आजीच्या बरणीतलं काळंभोर झालेलं जुनं लिंबाचं लोणचं आठवा, टिकतं ते खार आणि आंबटामुळे, हिचंही तसंच, आंबटपणा आहे म्हणून शंभर वर्षांनंतरही ती चिकट लागत नाही. चव तर गिळल्यावरही कितीतरी वेळ जात नाही.

द्राक्षाच्या जाती लक्षात ठेवायच्या तर सर्सियल सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात कमी गोड, मग व्हर्देल्यो, मग बुआल, आणि माल्वाझिया सगळ्यात गोड. चाखताना ह्याच क्रमाने जावं, उलटं गेलं तर सर्सियल नुसती आंबट लागते. आणि तेरांतेझ ही जात कुठे दिसली तर सोडू नका. 1850 च्या दशकात भुरी रोगाने आणि 1872 पासून मुळं खाणाऱ्या फायलॉक्झेरा किडीने बेटावरच्या बागा उद्ध्वस्त केल्या, त्यात ही जात जवळजवळ संपली होती, आता थोडी थोडी परत लावतायत. तिच्याबद्दल तिथे म्हण आहे, तेरांतेझची द्राक्षं खाऊ नको, कुणाला देऊ नको, देवाने ती वाइनसाठीच केलीत. गोड सुरू होते आणि शेवटी छान कडवट होते, मला तर बुआलपेक्षाही जास्त आवडली.

बाटली आणलीत तर उभी ठेवा, आडवी नको, आंबटपणा बूच खातो. खूप वर्षं बाटलीत असलेली असेल तर एक-दोन दिवस आधी उघडून हवा लागू द्या. आणि फ्रीजची, खास कपाटाची काळजी नको, उघडलेली बाटली महिनोन्महिने टिकते, पुण्या-मुंबईतल्या घरात ह्याहून सोयीची भारी वाइन मला तरी माहीत नाही. फार जुनीच पाहिजे असंही नाही, दहा वर्षांची व्हर्देल्यो घ्या, बरोबर खारवलेले बदाम, आणि सुरुवात करा.