पाठमोरी कोमाची

मोबाइलच्या स्क्रीनवर मी ओनो नो कोमाचीचं चित्र लावलंय. आईने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तोंड फिरवून का बसलीय?"

प्रश्न रास्तच. कोमाची ही नवव्या शतकातली जपानी कवयित्री. रूपाची ख्याती अशी की तिथे आजही देखण्या बाईला 'कोमाची' म्हणतात. तेराव्या शतकात कुणीतरी छत्तीस थोर कवींची चित्रं दोन लांबलचक पटांवर काढली. बाकीच्यांना चेहरे दिले. म्हणजे त्यांना तरी चित्रकाराने कुठे पाहिलं होतं? पण कोमाचीपाशी आल्यावर गड्याने तिला सरळ पाठमोरी बसवलं. थरावर थर चढवलेल्या झग्यांचा घोळ जमिनीवर पसरलाय आणि त्यावरून काळेभोर केस ओघळत गेलेत. बस. नाक-डोळे तुमचे तुम्ही काढा. मला तर ही पळवाट भलतीच आवडली.

पुढे हे पट सताके नावाच्या सरदार घराण्याकडे आले, तिथून विकले गेले. 1919 साली किंमत इतकी चढली की एकट्याला झेपेना. तेव्हा मासुदा ताकाशी या बड्या उद्योगपतीने तोड काढली: पट कापायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या! आपल्या भिशीसारखं. सदतीस तुकडे झाले. छत्तीस कवी आणि एक देवळाचं चित्र. वाचताना माझ्याच पोटात कात्री फिरली. छत्तिसांत बायका पाचच, त्यामुळे सगळ्यांचा डोळा त्यांच्यावर. खुद्द मासुदांच्या वाट्याला म्हणे एक भिक्षू आला आणि स्वारी अशी फुगून बसली की सर्वांत महागडी राजघराण्यातली कवयित्री ज्याला लागली होती, त्याने मुकाट्याने अदलाबदल केली. खरंखोटं देव जाणे, किस्सा मात्र झकास आहे.

कोमाचीशेजारी तिची कविताही लिहिलेली आहे. रंग उडताना दिसत नाही आणि तरी कोमेजून जातं, असं एक फूल असतं, माणसाच्या मनातलं. असा काहीसा तिचा अर्थ. मी तो आईला समजावून सांगितला, पटांची कर्मकहाणीही सांगितली.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग पुन्हा स्क्रीनकडे बघत म्हणाली, "एवढ्या केसांना तेल कोण लावून देत असेल गं हिच्या?"