डाग पुसलेल्या पुंगळ्या

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये येतात ते बहुतेक बोल्ट, व्हॉल्व्हच्या बॉडी, मध्येच तुटलेले शाफ्ट आणि ‘रिपोर्ट आजच हवा’ म्हणणारी माणसं. रिपोर्टात काय यायला हवं, हे त्यातल्या निम्म्यांना आधीच ठाऊक असतं. तो खोका मात्र वेगळा होता. त्यात .३३८ लापुआ मॅग्नम या लांब पल्ल्याच्या रायफलच्या काडतुसाच्या पितळी पुंगळ्या होत्या, काही रिकाम्या, काहींत बुलेट बसवलेली. आमच्याकडे स्फोटकांचा परवाना नाही, म्हणून आत दारू नाही आणि बुडाला दारू पेटवणारा प्रायमरही नाही. अशा निर्जीव काडतुसाला धंद्यात डमी म्हणतात.

पाठवणारी कंपनी प्रेसची कामं करत आलेली, आता संरक्षण खात्याच्या ऑर्डरींकडे वळू पाहणारी. नाव घेत नाही. २०१९ साली नियंत्रण रेषेवरच्या स्नायपरांना याच काडतुसाच्या बेरेटा रायफली मिळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून या आकड्याला आपल्याकडे वजन आलंय. त्यांना ठरवायचं होतं की पितळ कुणाचं घ्यायचं आणि बुलेट कुठली बसवायची. पुंगळ्यांचे लॉट दोन, एक देशी, एक परदेशी. देशी लॉटच्या डमी खोक्यात पडल्यापडल्याच नेकवर, म्हणजे बुलेट धरणाऱ्या अरुंद तोंडाशी, उभ्या चिरल्या होत्या. परदेशी सगळ्या शाबूत. सोबतच्या पत्रात एकच ओळ होती: ‘देशी लॉटचे पितळ निकृष्ट असल्याबाबत अहवाल द्यावा.’ म्हणजे निकाल लागलेला, शिक्का तेवढा आमचा हवा.

खोक्याबरोबर त्यांचा एक तरुण इंजिनिअर आला होता. हुशार मुलगा, पण बुलेटच्या प्रेमात पडलेला. लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यांचं असंच असतं. बुलेटच्या टोकाच्या वक्रतेवर ते तासभर बोलतील आणि पुंगळीला नुसतं भांडं समजतील. त्याच्याकडे दोन जाती होत्या. पहिलीत आत शिसं आणि वर तांब्याचा पत्रा, दुसरी अखंड तांब्याची, लेथवर कातलेली. वजन दोघींचं २५० ग्रेन, म्हणजे १६.२ ग्रॅम. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची बुलेट लांब होते. लांब बुलेट हवेत सरळ ठेवायची तर तिला जास्त गरगर फिरवावं लागतं, म्हणजे बॅरलमधला पीळ जवळजवळचा हवा. त्यांच्या बॅरलचा पीळ दहा इंचांत एक वेढा. शिशाच्या बुलेटला तो ठीक, तांब्याच्या लांबड्या बुलेटला काठावरचा. सेकंदाला साधारण ९०० मीटरने निघालेली बुलेट दूरवर जाऊन आवाजाच्या वेगाखाली उतरते, तिथे ती डगमगायची भीती असते. हे सगळं त्याने मला आमच्या व्हाइटबोर्डवर सुरेख काढून दाखवलं. वर म्हणाला, “मॅडम, तांब्याची बुलेट कडक आहे, तिनेच नेक फाडला.” मी दोन्ही जातींचे व्यास मायक्रोमीटरने मोजले. सारखे. आणि चिरा दोन्ही जातींच्या डमींवर होत्या.

आता पुंगळीबद्दल, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. एका चकतीची आधी वाटी होते, मग ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढत नेली जाते. प्रत्येक ओढीत पितळ कडक होतं, म्हणून मधूनमधून भट्टीत घालून नरम करावं लागतं. शेवटी एकाच धातूच्या एकाच तुकड्याकडून दोन उलट स्वभाव हवे असतात. बूड कडक हवं, कारण दाब तिथे बसतो. नेक नरम हवा, कारण त्याला बुलेट धरून ठेवायची आणि बार उडताच क्षणात फुगून रायफलमधल्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटायचं. या काडतुसाचा इतिहासच मुळी यावरून घडला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत .४१६ रिग्बी या १९११ सालच्या शिकारी काडतुसाची पुंगळी घेऊन तिचा नेक आवळून पाहिला. रिग्बी सुमारे ३२५ मेगापास्कल दाबासाठी बनलेली, नव्या कामाला दाब हवा होता त्याहून बराच जास्त. ती टिकेना. मग फिनलंडच्या लापुआने पुंगळी बुडाशी जाड केली, बुडापासून तोंडापर्यंत कडकपणा उतरत जाईल अशी घडवली, आणि १९८९ मध्ये ४२० मेगापास्कलच्या कमाल दाबासह काडतुसाची युरोपात रीतसर नोंद झाली. बुलेटच्या जाहिरातीत हे कुणी छापत नाही.

तर आम्ही दोन्ही लॉटमधल्या पुंगळ्या उभ्या कापल्या, बेकेलाइटमध्ये बसवल्या, आरशासारख्या घासल्या आणि बुडापासून तोंडापर्यंत मायक्रोहार्डनेसचे ठसे घेतले. देशी पुंगळी बुडाशी १९० विकर्सच्या (हे कडकपणाचं माप) आसपास, उतरत उतरत नेकला १००. परदेशी जवळपास तशीच, आलेख जरा जास्त गुळगुळीत. रासायनिक पृथक्करण सारखंच, शिसं आणि लोखंड दोन्हींत मर्यादेच्या आत. सूक्ष्मदर्शकाखाली नेकमधले कण छान समान आकाराचे, नव्याने वाढलेले. देशी कारखान्याने काम चोख केलं होतं, हे मला तिथेच कळलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

मग रिकाम्या देशी पुंगळ्या मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात अर्धा तास बुडवल्या. पितळेत ओढकामाचा ताण कोंडून राहिला असेल तर या परीक्षेत ते तडकतं. पारा सांभाळायचा म्हणून आमच्याकडे ही टेस्ट करायला कुणी राजी नसतं, शेवटी मीच करते. एकही पुंगळी तडकली नाही. म्हणजे पितळ बरं, कडकपणा बरा, आतला ताण नाही, आणि बुलेट बसवली की नेक चिरतो. तेही फक्त देशी.

चिरेचा छेद घेतला तर ती धातूच्या कणांच्या सीमेसीमेने, फाटे फोडत गेलेली. जोर लावून फाटलेलं पितळ असं दिसत नाही, तिथे धातू ताणला गेल्याच्या खुणा दिसतात. इथे काहीतरी खात आत शिरलं होतं. माझ्या मनात दुसरीही एक गोष्ट अडकली होती. नेक नरम करताना तापवतात, तेव्हा त्यावर निळसर-तपकिरी पट्टा उमटतो. परदेशी पुंगळ्यांवर तो ठळक होता. देशी नेकही १०० विकर्सला उतरला होता, म्हणजे तापवलेला नक्की. मग त्याचा पट्टा गेला कुठे? देशी माल तोंडापासून बुडापर्यंत लखलखत होता.

डमी ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आल्या होत्या तिचं तोंड उघडून मी नाकाशी धरलं. पितळेचा नमुना एच करायला, म्हणजे कण दिसावेत म्हणून पृष्ठभाग किंचित खरवडायला, आम्ही अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो, त्यामुळे तो वास मला झोपेतही ओळखता येईल. भिंग लावलं तर बुलेट आणि नेक यांच्या सांध्यात पांढरट लेप वाळून बसलेला, कडेला हिरवट झाक.

लॅबच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “आपलं काम नमुना आला तसा तपासायचं.” मी तरीही त्या कंपनीत गेले, कारण इंजिनिअर मुलालाही एव्हाना चैन पडत नव्हतं आणि त्याने गेटपास काढून दिला. स्टोअरमध्ये एक वयस्क काका होते, दांडिया बाजारातले, निघाले आमच्याच वाडीतल्यांच्या ओळखीचे. त्यांच्या टेबलावर पितळेची भांडी चकचकीत करायच्या लिक्विड पॉलिशची बाटली आणि काळं झालेलं फडकं. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, “ताई, तपासणीला आलेल्या साहेबांनी माल जळका आहे म्हणून परत पाठवला होता. मग मी बसून एकेक घासून दिला. आता बघा कसा दिसतोय.”

“आणि परदेशी मालावरचा डाग?”

“तो फॉरेनचा माल. त्याला कोण हात लावणार? तो डाग म्हणे क्वालिटीची खूण असते.”

काकांना मी काही बोलले नाही. चूक त्यांची नव्हतीच. पट्टा म्हणजे नेक तापवल्याचा पुरावा, म्हणून लष्करी पुंगळ्यांवर तो मुद्दाम ठेवतात, हे तपासणीला येणाऱ्या माणसाला माहीत नसावं? वर एकाच डागाचे दोन अर्थ, पत्ता बघून.

पॉलिशमध्ये अमोनिया होता. बुलेट बसली की नेक घट्ट बांगडीसारखा सतत ताणलेला राहतो. ताणलेलं पितळ, अमोनिया आणि पावसाळ्यातला दमटपणा एकत्र आले की काय होतं, हे शोधायला नवं काही लागत नाही. ब्रिटिश फौजेची काडतुसं याच देशात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जायची आणि चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये मांडलं. कलाभवनात, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, गंज या विषयाचा तास याच गोष्टीने सुरू व्हायचा आणि मागच्या बाकावरची मुलं पागेच्या नावाने हसायची. शंभर वर्षांनी तेच, फक्त घोड्याच्या जागी बाटली.

लॅबमध्ये परत येऊन मी कुणी न मागितलेला प्रयोग केला. देशी आणि परदेशी रिकाम्या पुंगळ्या घेतल्या, इंजिनिअरने त्यांच्या प्रेसवर बुलेट बसवून दिल्या. दोन्हींतल्या निम्म्या काकांच्या पॉलिशने घासल्या, लेप सांध्यात राहू दिला, आणि सगळ्या दमट केलेल्या पेट्यांत ठेवल्या, घासलेल्या वेगळ्या, न घासलेल्या वेगळ्या. न घासलेल्यांतली एकही चिरली नाही. घासलेल्यांत देशी चिरल्या आणि परदेशीही चिरल्या. परदेशी नेकवरची पहिली चीर भिंगाखाली दिसली तेव्हा मी इंजिनिअरला फोनवर ओरडूनच सांगितलं.

रिपोर्टात हे सगळं लिहिलं. साहेबांनी तक्ता पहिल्या पानावर घेतला: ‘चिरा – देशी: आहेत, परदेशी: नाहीत’, कारण आलेल्या नमुन्यांचं सत्य तेवढंच. माझा प्रयोग शेवटच्या पानावर ‘शेरा’ म्हणून गेला. खरेदी समितीने तक्ता वाचला. परदेशी पितळ मंजूर झालं, शिशाची बुलेट मंजूर झाली. बुलेटची निवड योग्यच होती, त्यांच्या बॅरलला तीच शोभते. पण देशी पुंगळी ज्या गुन्ह्यासाठी नापास झाली तो तिचा नव्हता, आणि नवा परदेशी माल त्याच स्टोअरमध्ये येणार आहे. पहिल्या खेपेला एखाद्या साहेबाला डाग खटकला की काकांची बाटली पुन्हा टेबलावर.

या साऱ्यापेक्षा मला एक वाक्य छळतं. काका जाताजाता म्हणाले होते, “डमीच नाही ताई, भरलेल्यासुद्धा मीच घासल्या.” म्हणजे परवानाधारक युनिटमधून दारू भरून आलेली काडतुसं. चिरलेला नेक बुलेटला एकसारखं धरत नाही. मग प्रत्येक बारात वेग थोडा बदलतो, आणि दहा मीटर प्रतिसेकंदाचा फरक हजार मीटरवर गोळी वीतभर वरखाली करतो. ते एक वेळ चालेल. चिरेतून तापलेला वायू मागे आला तर रायफलच्या बोल्टमागे माणसाचा चेहरा असतो.

तो लॉट चाचणीला रेंजवर गेला की मोडीत काढला, हे मी कंपनीला लेखी विचारलं. इंजिनिअर मुलगा म्हणतो, मोडीत गेला असावा. ‘असावा’ला मी काय करू? कंपनीकडून आलेल्या मेलमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही. न मागितलेल्या टेस्टचे पैसे वजा करून बिल पुन्हा पाठवा, एवढंच आहे.