लॅमिना विस्कटलेली दिसली, तर आधी डोळा बघा

ड्रोसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यांवरची चिलटं. रवा-गुळाच्या खाद्यावर छान वाढतात, आणि कोल्हापुरात गुळाची वाण नाही. डोळ्याचे तंतू मेंदूत कसे पोचतात हे बघायच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला याहून स्वस्त प्राणी कुठला?

चिलटाच्या एका डोळ्यात साधारण ७५० ते ८०० नेत्रिका, म्हणजे छोटे डोळे; प्रत्येकीत ८ प्रकाशग्राही पेशी, आर१ ते आर८. आर१ ते आर६ यांचे तंतू लॅमिनात, म्हणजे मेंदूच्या दृष्टिभागातल्या पहिल्या थरात, थांबतात. आर८ आणि आर७ पुढे मेड्युलात, म्हणजे त्यामागच्या भागात, जातात. आर८ एम३ थरात, आर७ त्याखाली एम६ मध्ये. वाट आधी आर८ काढतो. आर१ ते आर६ ना थांबवतात लॅमिनातल्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींच्या सोबतीच्या आधारपेशी. 'नॉनस्टॉप' जनुक बिघडलं की ग्लिया जागेवर पोचत नाहीत आणि तंतू थेट मेड्युलात घुसतात.

गंमत पुढेच आहे. हे तंतू हेजहॉग प्रथिन सोबत आणतात आणि त्याच्या इशाऱ्यावर लॅमिनाच्या पूर्वपेशी विभागतात. म्हणजे मुक्कामाचं गावच येणारा पाहुणा वसवतो! म्हणून लॅमिना विस्कटलेली दिसली की लगेच 'तंतूंना वाट दाखवणारं जनुक सापडलं' म्हणू नये. डोळ्यात पेशीच कमी तयार झाल्या असतील, तरी चित्र तसंच दिसतं. आधी नेत्रचकती (अळीतला डोळ्याचा भावी भाग) एलाव्ह या चेतापेशींच्या खुणेने रंगवून मागच्या गुच्छांत ८-८ पेशी आहेत का ते मोजा. शक्य असेल तर उत्परिवर्तन आयलेस-फ्लिपने (डोळ्यात जनुक बदलायची युक्ती) फक्त डोळ्यात करा. मेंदू निरोगी राहिला की दोष कुणाचा ते कळतं.

तयारीसाठी २५ अंशांवर वाढलेली, भिंतीवर चढणारी तिसऱ्या अवस्थेची अळी घ्या. मधोमध कापून पुढचा अर्धा भाग उलटा करा. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये २० मिनिटं, मग ०.३ टक्के ट्रायटन या डिटर्जंटचे धुणे, प्रकाशग्राही पेशी व त्यांचे तंतू रंगवणाऱ्या २४बी१० प्रतिपिंडात ४ अंशांवर रात्रभर. मेंदू सुटा करायची घाई नको. नेत्रदेठ, म्हणजे नेत्रचकतीला मेंदूशी जोडणारा देठ, फार नाजूक, मुखाकडचा भाग ओढला की तुटतो आणि तुटलेला तंतू 'न पोचलेला' वाटतो. कव्हरस्लिपखाली आधार ठेवा. दबलेल्या मेंदूत लॅमिनाचा पट्टा उगाच तुटक दिसतो.

आर७ मात्र अळीत तपासून भागत नाही. एन-कॅडहेरिन हे पेशींना चिकटवणारं प्रथिन नसलेला आर७ आधी पुढे जातो आणि नंतर एम३ कडे मागे सरतो, त्यामुळे कोषावस्थेचे तासच मोजावे लागतात. बाटलीत गर्दी झाली की वाढ रेंगाळते, वयं जुळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये बीओडी (तापमान स्थिर ठेवणारी पेटी) नसेल तर हा भाग हाती घेऊच नका: ३० अंशांपुढे नर वांझ होतात.