एका स्थिर आयपी पत्त्यासाठी ४१ दिवस

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि माझा एक सहकारी. गेल्या वर्षी आम्ही रोज हाताने होणारी बरीच कामे स्वयंचलित केली आणि ती करायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही त्या दिवसांची आठवण निघाली की मला आधी प्रोग्रॅम आठवत नाहीत. आठवते ती आमच्या इंटरनेट कंपनीच्या कार्यालयातील खिडकी.

सर्वांत मोठी नड बिलांची होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या सक्तीची, मर्यादा १० कोटींच्या उलाढालीवर आली, तेव्हा आम्ही त्यात आलो (१ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आहे). ईआरपीमध्ये (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बिल तयार करायचे, त्याची फाइल उतरवून सरकारी पोर्टलवर चढवायची, तिथून मिळालेला आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड परत आणून बिलावर छापायचा, मग मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल काढायचे, हे सगळे एक डिस्पॅच क्लार्क संध्याकाळी पाच ते आठ या वेळात करत असे आणि तोवर भरलेले ट्रक गेटवर उभे असत. आयआरएनशिवाय ते बिल कायद्याने वैधच धरले जात नाही, त्यामुळे गाडी सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

ईआरपीने थेट पोर्टलशी बोलावे, असे आम्ही ठरवले. प्रोग्रॅमचे काम चार दिवसांत झाले, चाचणीही व्यवस्थित पार पडली. प्रत्यक्ष वापर सुरू करण्यासाठी मात्र सॉफ्टवेअर पुरवठादाराने आमचा स्थिर आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा कधी न बदलणारा पत्ता, मागितला, कारण नोंदवलेल्या पत्त्यावरून आलेली विनंतीच पुढे स्वीकारली जाते. दोन दिवसांचे काम असेल, असे मी मालकांना सांगून बसलो.

हा पत्ता इंटरनेट कंपनी देते. पहिल्या दिवशी लेटरहेडवरील अर्ज, पॅन आणि जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र घेऊन तिच्या कार्यालयात गेलो, तेव्हा अधिकृत स्वाक्षरीचा ठराव हवा असे कळले. ठराव घेऊन गेलो, तेव्हा समजले की जोडणी आमच्या जुन्या भागीदारी संस्थेच्या नावावर आहे आणि आम्ही आता प्रायव्हेट लिमिटेड आहोत, म्हणून आधी नाव बदलावे लागेल. त्यासाठी दोन्ही भागीदारांच्या सहीचे ना-हरकत पत्र हवे होते. त्यांपैकी एक, म्हणजे मालकांचे थोरले बंधू, दोन वर्षांपूर्वी वारले होते. महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याची प्रत काढली आणि संस्था विसर्जित झाल्याचा दस्त जोडला. घरच्या माणसाचा मृत्यूचा दाखला इंटरनेटच्या अर्जाला जोडताना मालक काही बोलले नाहीत, पण त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटले. तो अर्ज पुण्याच्या कार्यालयात गेला आणि नऊ दिवसांनी परत आला, कारण एका पानावर शिक्का सहीवर पडल्याने सही स्पष्ट दिसत नव्हती.

नाव बदलले, तेव्हा ग्राहक क्रमांकही बदलला आणि जुन्या क्रमांकावरील स्थिर पत्त्याची आमची मागणी आपोआप बंद झाली. हे आम्हाला कोणी कळवले नाही; मी चौकशीला गेलो म्हणून समजले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "सर, नवीन अर्ज द्यावा लागेल, माझ्या हातात काही नाही." तिचा दोष नव्हता. माझ्या समोर तिने तोच अर्ज आधी वहीत लिहिला, मग संगणकात भरला आणि त्यानंतर पुण्याला ई-मेलमध्ये पुन्हा टंकला.

अखेर पत्ता मंजूर झाल्याचा संदेश आला, तरी पोर्टल आम्हाला ओळखेना. राउटरच्या वॅन पानावर, म्हणजे बाहेरच्या इंटरनेट जोडणीची माहिती दाखवणाऱ्या पानावर, १००.७४ ने सुरू होणारा पत्ता दिसत होता. १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातील पत्ता तिथे दिसला, तर तो तुमचा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसून कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातला असतो आणि बाहेर दिसणारा पत्ता अनेक ग्राहकांत मिळून वापरला जातो. ही खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. चार दिवस मला फोनवर सांगण्यात आले की त्यांच्याकडे सर्व काही चालू दिसते आहे. पाचव्या दिवशी आलेल्या तरुण अभियंत्याने शोधून काढले की पत्त्याची नोंद बिलिंगच्या संगणकात झाली होती, पण प्रत्यक्ष नेटवर्कच्या यंत्रात ती वेगळी हाताने करावी लागते आणि ती कोणी केलीच नव्हती. त्याने फोनवरून दहा मिनिटांत ती करून घेतली. मधल्या एका माणसाने दुसऱ्या यंत्रात आकडे उतरवायचे राहून गेले होते, एवढ्यावर आमचे ट्रक गेटवर उभे होते. डिस्पॅचमधल्या माणसावर आम्हीही हेच ओझे टाकले होते, हे मला त्या दिवशी लख्ख दिसले.

म्हणून माझे सांगणे असे, की प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी बाहेरच्या कार्यालयांचे अर्ज द्यावेत आणि प्रत्येक जोडणी कोणाच्या नावावर आहे हे आधी तपासावे.

पत्ता चालू झाल्यानंतरची संध्याकाळ मी विसरणार नाही. साडेसहाला शेवटचा ट्रक पुलाच्या दिशेने निघाला आणि आमचे क्लार्क चहा घेत शांत बसले होते.

राहिलेली कामे भराभर झाली. जुलै २०२१ च्या महापुरात महामार्ग बंद होता आणि बॅकअपची डिस्क बदलायला कोणी कारखान्यात पोहोचू शकले नव्हते. आता रात्री दोन वाजता प्रत बाहेरच्या शहरातील सर्व्हरवर जाते आणि दर रविवारी त्यातील एक डेटाबेस आपोआप उघडून तपासला जातो. पुन्हा उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रांचे नूतनीकरणही स्वयंचलित केले, कारण त्यांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येते, आणि तेवढ्या वेळा कोणी हाताने ते करू शकणार नाही.

बिलांबाबत एक गोष्ट सांगायची राहिली. पोर्टलकडून वेळेत उत्तर आले नाही, तर तेच बिल नव्या क्रमांकाने पुन्हा पाठवू नये. आधी जुन्या क्रमांकाचा आयआरएन तयार झाला आहे का हे प्रोग्रॅमने विचारावे, नाहीतर एकाच मालाची दोन बिले होतील आणि पोर्टलवर ई-इन्व्हॉइस २४ तासांच्या आतच रद्द करता येते. शिवाय अशी कामे कोणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक लॉगिनवर लावू नयेत; आमच्याकडे सहकाऱ्याने पासवर्ड बदलला आणि तीन रात्री बॅकअप झाला नाही.

त्या स्थिर पत्त्याचे वार्षिक शुल्क दर जूनमध्ये भरावे लागते. त्याचा इशारा ४५ दिवस आधी माझ्या आणि मालकांच्या, दोघांच्याही फोनवर येईल, अशी व्यवस्था मी करून ठेवली आहे.