लहानपणी भाजलं होतं हे बीपीच्या डॉक्टरलाही सांगा

लहानपणी मोठं भाजलं असेल तर पुढे आयुष्यभर बीपी आणि हार्टवर लक्ष ठेवायला पाहिजे. ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, म्हणून लिहून राहिली आहे.

मी पाच वर्षांची असताना आंघोळीच्या कढत पाण्याचा गंज अंगावर सांडला. पाठ आणि उजवा हात भाजला, मांडीची चामडी काढून तिथे लावली, म्हणजे ग्राफ्टिंग केलं. त्यानंतर घरात सगळं लक्ष डागांवर, हात सरळ होतो का, मोठी झाल्यावर लग्न कसं जमेल, आई रोज रात्री खोबरेल तेल चोळायची. हृदयाचा विषय कसा निघणार, तेव्हा ते फारसं कोणाला माहीतच नव्हतं. मागच्या वर्षी बीपी वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी बाबांचं बीपी, मीठ, झोप, टेन्शन सगळं विचारलं, भाजल्याचं मात्र नाही विचारलं. मीच बाही वर करून दाखवली आणि मग घरी येऊन वाचायला बसले.

मोठं भाजलं की शरीर अॅड्रेनालिनसारखी हार्मोन्स भरमसाट सोडतं, सूज अंगभर पसरते, आणि हृदय जोरात धावायला लागतं. जखम भरली तरी ते लगेच शांत होत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला भाजलेल्या मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरांना हा वेग दोन-तीन वर्षांपर्यंत टिकलेला दिसला. हृदयाचा वेग कमी करून स्नायूंची झीज थांबवायला त्यांनी प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन पाहिलं, त्याचा अभ्यास 2001 मध्ये छापून आला. पुढे मोठ्या झालेल्या मुलांची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर काहींचं हृदय अजूनही पूर्ण जोराने काम करत नव्हतं. ऑस्ट्रेलियात पर्थला भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या सर्जन डॉ. फिओना वूड यांच्या टीमने 1980 ते 2012 चे सरकारी हॉस्पिटलचे रेकॉर्ड जुळवून पाहिले, तर भाजलेल्या मुलांना हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी अॅडमिट व्हायची वेळ न भाजलेल्यांपेक्षा जास्त आली. म्हणजे भाजलेल्या प्रत्येकाला हार्टचा त्रास होतो असं अजिबात नाही, घाबरू नका. पण केस पेपरवर जशी शुगर लिहितात तसं हेही लिहिलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या नागपूरचं. ग्राफ्ट केलेल्या चामडीला घाम नीट येत नाही बाप्पा, आणि घाम नाही तर अंग थंड कसं होणार? अंगाची गरमी बाहेर टाकायला हृदयाला जास्त पंप करावं लागतं. ज्याची पाठ, छाती, पाय असा मोठा भाग ग्राफ्टचा आहे त्याच्यासाठी मे महिन्यातली 45 डिग्रीची दुपार आणि नवतपा ही नुसती गैरसोय नाही, धोका आहे. मी चालायला अंबाझरीला सकाळी साडेपाचलाच जाते, दुपारी बाहेर पडणं टाळते, आणि पडावंच लागलं तर पाठीवर ओला दुपट्टा टाकते, घाम जे काम करतो ते तेवढं पाणी करतं. कुलर तर आपल्याकडे सगळ्यांकडेच असतो, त्याच्यासमोर ओल्या अंगाने बसलं की लवकर बरं वाटतं. चक्कर, मळमळ, धडधड वाटली तर थांबायचंच, आणि कमी होत नसेल तर सरळ दवाखान्यात.

बीपी वर्षातून एकदा तरी मोजा, माझ्यासारखं आधीच वाढलेलं असेल तर डॉक्टर सांगतील तसं. भाजून कडक झालेल्या डागावर बीपीचा पट्टा बांधत असतील तर दुसऱ्या हातावर बांधा म्हणा, मी दर वेळी म्हणते आणि सिस्टर ऐकतात. तंबाखू, खर्रा असेल तर आजच सोडा, खर्रा आपल्याकडे लोक व्यसनात धरतच नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि ज्यांच्या घरी भाजलेलं लेकरू आहे त्यांना हात जोडून सांगते, जपण्याच्या नावाखाली त्याला बसवून ठेवू नका. गॅल्व्हेस्टनला अशा मुलांना 12 आठवडे व्यायाम दिला, त्याने त्यांचा दम आणि ताकद दोन्ही वाढलेले दिसले. डॉक्टरांना विचारून, ऊन चढायच्या आत ग्राउंडवर पाठवा, सोबत पाण्याची मोठी बाटली द्या, आणि पीटीच्या सरांना एकदा भेटून सांगून ठेवा की याला घाम कमी येतो, लाल झाला की सावलीत घ्या आणि अंगावर पाणी टाका.