मॉस्कोतला मार्च : लेव्हितान आणि सेरोव्ह यांच्या चित्रांपाशी

रशियन निसर्गचित्रकार इसाक लेव्हितानचे ‘मार्च’ हे चित्र मी अनेक वर्षे केवळ छापील प्रतींत पाहिले होते आणि दर वेळी मनात एकच शंका यायची, की बर्फावरच्या सावल्या इतक्या निळ्या कशा असतील. छपाईत निळी शाई जास्त झाली असावी, अशी मी माझ्यापुरती समजूतही घालून घेतली होती. यंदा मार्चअखेरीस मॉस्कोला जाण्याचा योग आला, तेव्हा पहिल्याच सकाळी लाव्रुशिन्स्की गल्लीतले त्रेत्याकोव्ह संग्रहालय गाठले. पावेल त्रेत्याकोव्ह या व्यापाऱ्याने आयुष्यभर जमवलेला चित्रसंग्रह १८९२ मध्ये मॉस्को शहराला देऊन टाकला, त्याचेच हे घर.

१८९५ सालचे ‘मार्च’ अपेक्षेपेक्षा लहान निघाले. रुंदी जेमतेम पाऊण मीटर. पिवळ्या लाकडी घराच्या पायऱ्यांपाशी घसरगाडीला जुंपलेला घोडा उभा आहे आणि घराचे दार उघडे आहे. कोणीतरी आताच आत गेले असावे आणि लगेच बाहेर येईल, असे वाटत राहते. माणूस मात्र चित्रात कुठेही नाही. जवळ जाऊन पाहिले तर सावल्यांचा निळा एकच नव्हता, त्यात जांभळा मिसळलेला होता. म्हणजे शाईचा दोष नव्हता, परंतु चित्रकाराने रंग वाढवला असेल, ही शंका उरलीच.

माणसाला वगळून माणसाविषयी सांगण्याची लेव्हितानची ही रीत त्या दालनात पुन्हा पुन्हा भेटते. १८७९ सालच्या ‘सोकोल्निकीतला शरद दिन’ या चित्रात बागेतल्या वाटेवरून काळ्या पोशाखातली एक स्त्री येताना दिसते खरी, पण ती त्याच्या हातची नाही. अंतोन चेखवचा चित्रकार भाऊ निकोलाय याने ती रंगवली. १८९२ सालच्या ‘व्लादिमिर्का’पाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. सायबेरियाकडे बेड्या घालून पायी नेल्या जाणाऱ्या कैद्यांचा हा जुना रस्ता. चित्र रंगवले गेले तोवर कैद्यांची वाहतूक रेल्वेने होऊ लागली होती, त्यामुळे रस्त्यावर कैदी नाहीत, शिपाईही नाहीत. ढगाळ आभाळाखाली मुख्य वाट, तिच्या कडेने पायांनी मळलेल्या पाऊलवाटा आणि दूर एक यात्रेकरू बाई, एवढेच. त्याच वर्षी ज्यू असल्यामुळे लेव्हितानलाही मॉस्को सोडावे लागले आणि मित्रांनी रदबदली केल्यावरच परतता आले.

त्याचा समकालीन चित्रकार व्हालेन्तिन सेरोव्ह याने १८९३ मध्ये केलेले लेव्हितानचे व्यक्तिचित्रही इथेच आहे. हातात कुंचला नाही, रंगपाटी नाही. खुर्चीच्या पाठीवरून एक हात सैल लोंबतो आहे, त्यावर उजेड आहे, आणि थकलेला देखणा चेहरा अर्ध्या अंधारातून आपल्याकडे पाहतो. यानंतर सातच वर्षांनी, चाळिशीही न गाठता, लेव्हितान गेला. राजघराण्यातल्या आणि धनिकांच्या तसबिरी सेरोव्हने पुष्कळ केल्या, त्यांतले कसब निर्विवाद आहे. पण मला त्यांच्यापेक्षा हा लोंबता हात अधिक पटला.

‘पीच घेतलेली मुलगी’ हे त्याचे १८८७ सालचे चित्र शेवटी पाहिले. गुलाबी झग्यावर मोठा गडद बो लावलेली व्हेरा मामोंतोवा जेवणाच्या टेबलाशी बसली आहे आणि तिच्या पाठीमागच्या खिडकीतून आलेला उजेड टेबलक्लॉथवर, भिंतीवर, तिच्या बोटांवर पसरला आहे. सेरोव्ह तेव्हा बावीस वर्षांचा होता. बाराव्या वर्षातल्या त्या पोरीला त्याने आठवडेच्या आठवडे एका जागी बसवून ठेवले, तरी चित्र असे ताजे, की ती बाहेर खेळायला पळण्याच्या बेतात असावी.

दुसऱ्या दिवशी यारोस्लाव्हल स्थानकावरून लोकल गाडीने अब्राम्त्सेवोला गेले. व्हेराचे वडील, रेल्वे उद्योजक साव्वा मामोंतोव, यांची ही वाडी. रेपिन, वास्नेत्सोव्ह, व्रुबेल यांच्यासारखे चित्रकार इथे राहून काम करीत. स्थानकापासून वाट जंगलातून जाते. आदल्या रात्री वितळलेले पाणी पहाटे पुन्हा गोठल्यामुळे मी एकदा सपशेल आपटले आणि उठण्याआधी बसल्या जागी जे पाहिले, त्यासाठी ते आपटणे सोसावे असे होते. बर्चच्या बुंध्यांच्या सावल्या बर्फावर लांबच लांब पडल्या होत्या आणि त्या निळ्या होत्या, कडेला किंचित जांभळ्या. लेव्हितानने काहीही वाढवले नव्हते.

‘पीच घेतलेली मुलगी’ जिथे रंगवले गेले, ती इथल्या घरातली जेवणाची खोली चित्रातल्यापेक्षा लहान वाटते. टेबल आहे, खुर्च्या आहेत, खिडकी आहे. चित्रात खिडकीबाहेर उन्हाळा सरतानाची झाडे आहेत. मी गेले तेव्हा तिथे पांढरा बर्फ होता आणि खोलीतला उजेड त्यामुळे थंड, निळसर झाला होता. सेरोव्हचा ईझल जिथे उभा असावा, तिथून खोली पाहावी असे फार वाटले, पण ती जागा दोरीच्या पलीकडे येते. मी दारातूनच, जरा वाकून, व्हेराच्या खुर्चीची जागा शोधत राहिले.