दिवे घाट, पोटऱ्या आणि थायरॉईड

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्यात दिवे घाटाची चढण. थायरॉईड मंदावल्याचं निदान व्हायच्या आधीच्या वारीत त्या चढणीवर माझे पायच उचलेनात. दम फारसा लागला नव्हता, पण मांड्या भरून आल्या होत्या, दगडासारख्या. दिंडीतल्या मावशी काळजीनं म्हणाल्या, "माउली, नाम घ्या, नामानं पाय चालतात." नाम तर चालूच होतं!

घरी आल्यावर रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढलेलं; सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, तेही वाढलेलं. डॉक्टरांनी टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटकन खाली गेलं, पण जागेवर परतताना रेंगाळलं. मला ते डोळ्यांनी दिसलं. आखडलेला स्नायू सैल व्हायचा तर आतलं कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावं लागतं, आणि ते ओढणारे पंप थायरॉईड मंदावलं की कमी बनतात.

ऊर्जेचंही तसंच. थायरॉईड ग्रंथीतून येणाऱ्या टी४ या संप्रेरकाचं टी३, म्हणजे त्याचं जास्त प्रभावी रूप, स्नायूतही होतं. ते पेशीच्या केंद्रकात पोचून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, वाढवणारी जनुकं जागी करतं. टी३ कमी पडलं की एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, सावकाश तयार होतं. चढणीला लागणारं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा, लवकर सरतं आणि विसाव्यात भरून यायला वेळ घेतं. ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, स्नायूत असतं, पण ते फोडायचं कामही मंदावतं. शिदोरी पाठीवर आणि गाठ सुटत नाही. मायटोकॉन्ड्रिया कमी पडल्यानं थोड्याशा श्रमातही लॅक्टेट, म्हणजे साखर अर्धवट वापरल्यावर उरणारा पदार्थ, साठतं. माझ्या मांड्या भरून येत होत्या त्या यामुळे. श्रद्धेला त्यात बोल लावायचं कारणच नाही, हे मला मनापासून सांगायचंय.

आता दिंडी पहाटे उठते तेव्हा पहिलं काम थायरॉईडच्या गोळीचं, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्यापाऊण तासानं. स्वयंपाकाच्या मावशी माझा कप झाकून ठेवतात. कॅल्शियमची गोळी रात्री, कारण ती या गोळीला आतड्यात शोषू देत नाही. एकादशीलाही गोळी चुकवत नाही. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायचं. आकडा आधी सुधारला, पायांना त्यानंतर कित्येक महिने लागले. हा धीर कुणी आधी दिला असता तर बरं झालं असतं.

यंदा वेळापूरच्या अलीकडे धाव्याला उतारावर सगळ्यांबरोबर धावले. तुकोबांनी इथूनच पंढरीचा कळस पाहून धाव घेतली, अशी श्रद्धा आहे. झटक्यात जोर लावणारे स्नायूंचे तंतू या आजारात बारीक होतात, म्हणून त्या धावण्याचं मला फार अप्रूप.

वाखरीच्या मुक्कामी एका काकूंच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. उन्हानं, पाणी-मीठ कमी पडूनही येतात. पण त्यांचा आवाज घोगरा झालाय, थंडी सोसवत नाही, वजन वाढलंय, असं त्यांची सून सांगत होती. तिला मी कागदावर लिहून दिलं: घरी गेल्यावर टीएसएच आणि सीपीके करून घ्या, आणि चालताना पाय भरून येतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.